असाध्य रुग्णाची शुश्रूषा : इस्लामी शिकवण आणि कुटुंबाची जबाबदारी

मोठ्या शहरातील रुग्णालयात अनेक महिने उपचार झाल्यानंतर एके दिवशी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला बोलावून सांगतात, "आता रुग्णाला घरी घेऊन जा." कर्करोग शरीरभर पसरलेला असतो, किंवा मूत्रपिंडे निकामी झालेली असतात, किंवा हृदय इतके दुबळे झालेले असते की शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरत नाही. या वाक्याचा अर्थ कुटुंबे साधारणपणे दोन प्रकारे लावतात. काहीजण घर गहाण टाकून दुसऱ्या, मग तिसऱ्या रुग्णालयाचे दार ठोठावतात. काहीजण रुग्णाला घरी आणून एका खोलीत निजवतात आणि अल्लाहची मर्जी म्हणून हात जोडून बसतात. रुग्ण मात्र दोन्हीकडे रात्रभर कण्हत असतो. एक तिसरी वाटही आहे, आणि शरीअतच्या दृष्टीने तीच अधिक जवळची आहे, हे आपल्या समाजात फारसे कुणी सांगत नाही. या लेखात त्या वाटेचा विचार करावयाचा आहे.

या वाटेला वैद्यकशास्त्रात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत तिला उपशामक सेवा म्हणता येईल. रोग बरा होणार नसला तरी वेदना, धाप, मळमळ, जखमा, निद्रानाश, भीती आणि एकाकीपण यांवर उपाय करता येतो, आणि तो रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांसाठीही करावा लागतो, हे या सेवेचे मूळ सूत्र आहे. अशा रुग्णांना अखेरच्या काळात जेथे ठेवतात त्या निवासी केंद्राला हॉस्पिस म्हणतात. आधुनिक काळात या विचाराला आकार दिला तो इंग्लंडच्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाचे दुखणे शरीरापुरते नसते, मन, नातीगोती आणि श्रद्धा या सगळ्यांतून ते उठते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये उभे राहिले, ते शांती अवेदना. त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र चालते. दोन्ही ठिकाणी सेवा निःशुल्क आहे आणि रुग्णाचा धर्म विचारला जात नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तरीही आपल्यातील अनेक कुटुंबांना या सेवेचा पत्ता लागतो तो अगदी अखेरच्या आठवड्यात, जेव्हा तिचा निम्मा उपयोग संपलेला असतो. खरे पाहता ही सेवा मूळ उपचारांच्या सोबतीनेच, निदान झाल्यापासून घेता येते.

ही निराशा आहे काय?

पहिली शंका हीच असते. अल्लाहच्या कृपेपासून निराश होणे हे श्रद्धावंताचे लक्षण नव्हे, मग उपचार थांबवणे म्हणजे निराशाच नव्हे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी औषधोपचार करण्यास सांगितले आहे, आणि अल्लाहने प्रत्येक रोगावर औषध ठेवले आहे असेही फरमावले आहे. परंतु अबू दाऊद आणि तिरमिजी यांनी नोंदविलेल्या याच हदीसमध्ये एक अपवादही आहे, वार्धक्याचा. देह झिजत जातो आणि एका टप्प्यावर त्याला थांबवणारी दवा नसते, हे मानणे ईमानच्या विरुद्ध नाही. ते अल्लाहच्या नियमाचीच कबुली देणे आहे.

उपचार घेणे प्रत्येक अवस्थेत फर्ज आहे, असे बहुसंख्य फुकहांनी कधीच म्हटलेले नाही. 'फतावा-ए-आलमगीरी' या हनफी ग्रंथात अन्न आणि औषध यांत स्पष्ट भेद केलेला आहे. जो अन्न असून उपाशी मरतो तो गुन्हेगार ठरतो, कारण अन्नाने भूक भागते हे निश्चित आहे. जो औषध न घेता मरण पावतो तो गुन्हेगार ठरत नाही, कारण औषधाने गुण येईलच याची खात्री नसते. आजच्या काळात जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ च्या ठरावात हा प्रश्न अधिक बारकाईने मांडला. उपचार न घेतल्यास प्राण वा अवयव जाणार असेल, किंवा रोग इतरांना जडणार असेल, तेथे उपचार अनिवार्य आहे. इतर ठिकाणी तो परिस्थितीनुसार इष्ट, वैध वा अनिष्टही ठरतो. त्याच ठरावात पुढे असे म्हटले आहे की, बरे होण्याची आशा असो वा नसो, रुग्णाचे मनोबल वाढवणे, त्याची निगा राखणे आणि त्याच्या शारीरिक व मानसिक वेदना हलक्या करणे हे डॉक्टरांचे आणि नातेवाइकांचे काम आहे. उपशामक सेवेची याहून नेमकी व्याख्या वैद्यकाच्या पुस्तकातही क्वचितच सापडेल.

येथे पैशाची बाजूही स्पष्टपणे बोलली पाहिजे. गुण येण्याची शक्यता नाही हे कळल्यावरही व्याजाने कर्ज काढून चालवलेले उपचार रुग्णाच्या प्रेमापोटी असतात, तसे ते पुष्कळदा "लोक काय म्हणतील" या भयापोटीही असतात. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत गंभीर आजारी पडले तेव्हा त्यांना सगळी संपत्ती दान करावयाची होती. प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशापुढे परवानगी दिली नाही, आणि कारण सांगितले की वारसांनी लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले. दानाच्या बाबतीत जर वारसांचा एवढा विचार आहे, तर निष्फळ ठरलेल्या उपचारांसाठी मुलीचे शिक्षण आणि राहते घर पणाला लावणे कितपत योग्य? जाता जाता हेही सांगावे की हजरत साद (रजि.) त्या आजारातून उठले आणि पुढे कित्येक वर्षे जगले. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदती चुकतात. म्हणूनच उपशामक सेवेत मुदतीपेक्षा आजच्या दिवसाकडे अधिक लक्ष दिले जाते.

वेदना, सब्र आणि मॉर्फिन

आजारपणाने श्रद्धावंताची पापे झडतात, काटा रुतला तरी त्याचा मोबदला आहे, ही हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तिच्यातून मिळणारा दिलासा मोठा आहे. पण तिचा वापर रुग्णाचे तोंड बंद करण्यासाठी होऊ लागला की तिचा आशय उलटा होतो. "सब्र करा, गुनाह माफ होत आहेत," असे निरोगी माणसाने खुर्चीत बसून सांगणे फार सोपे असते. वेदना आपोआप सोसावी लागली तर तिचा मोबदला आहे. ती दूर करण्याचे साधन हाती असताना दुसऱ्यावर ती लादण्याचा मोबदला कोठेही सांगितलेला नाही. इमाम बुखारी यांनी तर रुग्णाने आपल्याला दुखत असल्याचे बोलून दाखवणे वैध आहे, यासाठी स्वतंत्र प्रकरण योजले आहे. हजरत आयशा (रजि.) डोके दुखत असल्याचे सांगतात तेव्हा प्रेषित (स.) आपलेही डोके दुखत असल्याचे सांगतात, हा प्रसंग त्यात आहे. हजरत अय्यूब (अ.) यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडल्याचे दिव्य कुरआनात (२१:८३) आले आहे, आणि तरीही ते सब्र करणाऱ्यांचे आदर्श आहेत. कण्हणे म्हणजे बेसब्री नव्हे.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर जगभर वापरले जाणारे मुख्य औषध मॉर्फिन आहे. त्याच्या नावानेच आपल्याकडे दोन भये जागी होतात, हे नशेचे आहे आणि हे दिले की माणूस मरतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाची पायरीपायरीची पद्धत जाहीर केली. साध्या गोळ्यांपासून सुरुवात करून, गरजेनुसार मॉर्फिनपर्यंत जायचे, शक्यतो तोंडाने द्यायचे, आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्यायचे. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. अल्प मात्रेने सुरू करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवलेल्या मॉर्फिनने श्वास बंद पडत नाही. उलट धाप लागलेल्या रुग्णाला त्याने आराम मिळतो. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येते, नंतर ती ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून सोबत रेचक लागतेच. घरचे लोक हे रेचक टाळतात आणि मग सारा दोष मॉर्फिनवर जातो.

धार्मिक शंकेचे उत्तर कठीण नाही. मादक पदार्थ हराम आहे तो नशेसाठी. असह्य वेदनेवर वैद्याने ठरवून दिलेली मात्रा ही गरज आहे, आणि अगतिकतेची सवलत कुरआनने (२:१७३) स्वतः दिली आहे. समकालीन उलमांनी वेदनाशमनासाठी अशा औषधांना वैध ठरवले आहे. खरी अडचण फतव्याची नाही, पुरवठ्याची होती. आपला देश मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात कायदेशीर अफू पिकवतो, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कडक परवान्यांमुळे आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. तरीही ते प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. कोठे मिळते याची चौकशी जिल्हा रुग्णालयात वा कर्करोग रुग्णालयात आधीच करून ठेवावी. शुक्रवारी रात्री गोळ्या संपल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नसतो.

रुग्णाला विचारले काय?

अब्बांना सांगू नका, त्यांना धक्का बसेल. हे वाक्य बहुतेक कुटुंबांत उच्चारले जाते. हेतू प्रेमाचाच असतो. परंतु ज्याच्यावर नमाजांची कजा, लोकांचे देणे, अमानती, वसीयत आणि दुरावलेल्या भावाशी समेट अशी कामे बाकी आहेत, त्याच्यापासून त्याची स्थिती लपवणे म्हणजे ही कामे उरकण्याची संधी त्याच्याकडून काढून घेणे होय. प्रेषितांनी (स.) कर्जदाराच्या जनाजाची नमाज, कुणीतरी त्या कर्जाची हमी घेईपर्यंत, स्वतः पढवली नव्हती. ज्याला आपण जाणार हे ठाऊकच नाही, तो हिशेब कधी मांडणार? सगळे एकदम सांगावे असे नाही. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे ते आधी त्यालाच विचारावे, आणि तो विचारील तेवढे खरे सांगावे. पुष्कळदा असे आढळते की रुग्णाला सारे कळलेले असते आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही गप्प असतो. एकाच घरात दोन्ही बाजू एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत राहतात.

रुग्णाच्या इच्छेला किती महत्त्व द्यावे, याविषयी प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारातील एक प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोघांनी नोंदवला आहे, पण व्याख्यानांतून तो क्वचितच ऐकू येतो. घरातल्या माणसांनी त्यांच्या तोंडात औषध घातले. त्यांनी खुणेने नको म्हटले होते. रुग्णाला औषध नकोसे वाटतेच, असे समजून घरच्यांनी ते दिले. शुद्धीवर आल्यावर प्रेषितांनी (स.) याविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. "रुग्ण तर नाही म्हणणारच," हा युक्तिवाद आपणही रोज करतो.

त्याच आजारात त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्या खोलीत राहण्यासाठी इतर पत्नींची संमती घेतली. आपण कोठे असावे, कोणाच्या सोबतीत असावे, हे रुग्णाने ठरवले आणि कुटुंबाने मान्य केले. अखेरच्या क्षणी हजरत आयशांचे भाऊ हातात मिसवाक घेऊन आले. प्रेषितांची (स.) नजर त्यावर खिळलेली पाहून आयशांनी (रजि.) त्यांची इच्छा ओळखली, मिसवाक चावून मऊ केली आणि त्यांना दिली. जवळच पाण्याचे भांडे होते. त्यात हात बुडवून ते चेहऱ्यावरून फिरवीत होते. आज उपशामक सेवेतील परिचारिका घरच्यांना हेच शिकवतात. अखेरच्या दिवसांत तोंड कोरडे पडते, त्याचा त्रास तहानेपेक्षा अधिक असतो. ओल्या कापसाने ओठ व जीभ पुसावी, दात मऊ ब्रशने स्वच्छ ठेवावेत, चेहरा गार पाण्याने पुसावा. तोंडात चमच्याने पाणी ओतत राहू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर ते फुप्फुसात उतरते, मग ते झमझमचे पाणी असले तरी. ओठ ओले करण्यापुरते ते अवश्य वापरावे.

जेवणाचेही तसेच आहे. देह मिटत आला की भूक आपोआप मंदावते. रुग्ण खात नाही म्हणून तो मरत नसतो, तो जायला निघाला आहे म्हणून त्याची भूक गेलेली असते. रुग्णांवर खाण्यापिण्याची सक्ती करू नये अशा अर्थाची हदीस तिरमिजी व इब्ने माजा यांत आहे. तिच्या सनदीविषयी हदीसतज्ज्ञांत चर्चा आहे, पण आशय अनुभवाशी जुळणारा आहे. दोन घास मऊ खिचडी मागितली तर द्यावी, नको म्हटले तर ताट शांतपणे उचलावे.

नमाजविषयी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सर्वांत जास्त घोर लागलेला असतो, आणि त्याला चुकीची माहितीही सर्वांत जास्त मिळते. लघवीची नळी लावली आहे, कपडे पाक राहत नाहीत, म्हणून कित्येक वृद्ध नमाजच सोडून देतात आणि मनात झुरत राहतात. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना आजारामुळे अडचण होती. उभे राहून, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर, असा क्रम प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितला. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम आहे. सतत नळी वा जखमेचा स्राव असणाऱ्याला माजूरची सवलत आहे. हनफी मताप्रमाणे एका नमाजच्या वेळेपुरता एक वजू चालतो. कोकणातील आपले शाफई बांधव प्रत्येक फर्जसाठी नवा वजू करतील. पलंग किब्ल्याकडे वळत नसेल तर जसा आहे तशी नमाज होते. जखमी माणसाला सवलत नाही असे सांगून गुस्ल करावयास लावले आणि तो दगावला, तेव्हा प्रेषित (स.) सांगणाऱ्यांवर अत्यंत रागावले होते. अबू दाऊदमधील ही घटना रुग्णाला मसला सांगण्यापूर्वी प्रत्येकाने आठवावी.

सेवा करणाऱ्याचे काय?

बद्रच्या युद्धाला मुस्लिम निघाले तेव्हा हजरत उस्मान (रजि.) त्यांच्यात नव्हते. त्यांच्या पत्नी, प्रेषितकन्या रुकय्या (रजि.) आजारी होत्या आणि प्रेषितांनीच (स.) त्यांना शुश्रूषेसाठी मदीनेत थांबावयास सांगितले होते. रुकय्या (रजि.) त्या आजारात वारल्या. परंतु बद्रमध्ये लढणाऱ्याएवढे पुण्य आणि गनीमतमधील वाटा उस्मानांना (रजि.) मिळाला. इस्लामच्या पहिल्या निर्णायक लढाईत, जेथे माणसे तीनशेच्या आसपास होती आणि प्रत्येक हात हवा होता, तेथे एका पतीला पत्नीच्या उशाशी बसवण्यात आले. पतीला, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे ही सेवा निरपवादपणे सुनेवर किंवा अविवाहित मुलीवर पडते. मुलगे डॉक्टरांशी बोलतात, पैसे देतात आणि अंगणात इयादतला आलेल्यांशी गप्पा मारतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून त्वचा कोरडी ठेवणे, रात्री दोनची गोळी, चादरी, जखमेचा वास, हे सारे एक स्त्री महिनोन्महिने एकटी करते. आईवडिलांना 'उफ्' देखील म्हणू नये, ही कुरआनची (१७:२३) आज्ञा मुलांना आहे. ती सुनेच्या नावावर वळती करता येत नाही.

इयादतला जाणाऱ्यांनीही याचा विचार करावा. रुग्णाला भेटणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क आहे, आणि प्रेषित (स.) आपली सेवा करणाऱ्या यहुदी मुलाच्या आजारपणातही त्याच्या घरी गेले होते. पण दहाजणांनी जाऊन तासभर बसायचे, चहा घ्यायचा आणि अमक्याच्या मामाला असेच झाले होते म्हणून सांगायचे, ही इयादत नव्हे. दहा मिनिटे बसावे, दुआ करावी आणि घरातल्या स्त्रीला विचारावे की मी दोन तास येथे थांबतो, तुम्ही झोपता काय?

हे काम मोहल्ल्याच्या पातळीवर होऊ शकते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. रुग्णालयात येऊ न शकणाऱ्यांची संख्या पाहून पुढे या शतकाच्या आरंभी मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या लोकांनाच प्रशिक्षण देण्याची कल्पना निघाली. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे. शिक्षक, रिक्षाचालक, गृहिणी, विद्यार्थी आठवड्यातून काही तास देतात. परिचारिकेबरोबर घरोघरी जातात, जखमा स्वच्छ करावयास शिकवतात, गरजू घरात तांदूळ पोहोचवतात. खर्च मुख्यतः स्थानिक लोकांच्या छोट्या देणग्यांतून चालतो, आणि रुग्ण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती कोणीही असतो. २००८ मध्ये केरळ सरकारने याविषयी धोरण जाहीर केले. आपल्या मशिदींच्या समित्यांना हे अवघड नाही. जनाजाची डोली, गुस्लचा तख्ता आपण ठेवतोच. त्याच खोलीत हवेची गादी, चाकाची खुर्ची, बेडपॅन आणि प्राणवायूचे यंत्र ठेवले तर ते जिवंत माणसाच्या कामी येईल. खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी तंबू उभारला गेला तो प्रेषितांच्या (स.) मशिदीतच, आणि जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा (रजि.) यांचे नाव त्या तंबूशी जोडलेले आहे.

व्हेंटिलेटरचा प्रश्न अनेकांना पडतो, त्याविषयी थोडक्यात. प्राण घेण्यासाठी औषध देणे वा मागणे हे हराम आहे (४:२९), त्यात मतभेद नाही. मृत्यूची इच्छा करण्यासही मनाई आहे. पण केवळ मरण लांबवणारे यंत्र लावू नये असे ठरवणे ही वेगळी गोष्ट आहे. मेंदूमृत्यू निश्चित झाल्यावर यंत्र काढण्यास जेद्दाच्या अकादमीने १९८६ मध्येच अनुमती दिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. वसीयत लिहितानाच, जाणकार आलिम आणि डॉक्टर यांच्याशी बोलून, हा कागदही करता येतो. मग अतिदक्षता विभागाच्या दारात मध्यरात्री भावाभावांत वाद होत नाही.

मृत्यूनंतर उपशामक सेवा घरच्यांकडे पुन्हा एकदा येते. मूअताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची वार्ता आली तेव्हा प्रेषितांनी (स.) जाफरच्या घरच्यांसाठी अन्न शिजवून पाठवावयास सांगितले, कारण त्यांच्यावर शोक कोसळला होता. आपल्याकडे नेमके उलटे घडते. ज्या घरी मय्यत झाली तेच घर तिसऱ्या दिवशी आणि चाळिसाव्याला देगा चढवते, आणि उपचारांच्या कर्जात या जेवणाची भर पडते. हजरत आयशा (रजि.) यांच्या कुटुंबात कोणी वारले, जमलेल्या स्त्रिया निघून गेल्या आणि घरचीच माणसे उरली, की त्या तल्बीना शिजवावयास सांगत. जवाच्या पिठाची ही पातळ लापशी, आजाऱ्याच्या आणि शोकग्रस्ताच्या मनाला आराम देते असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. करायला सोपी आहे. जवाचे पीठ दोन चमचे, पाणी वा दूध कपभर, मंद आचेवर दहापंधरा मिनिटे, वरून थोडा मध. शेजारच्या घरी नेताना भांडे परत मागू नये.